साक्षर, शाळेत जाणारा आणि शिकलेला: इंदूरच्या गरीब वस्त्यांचं शिक्षण मोजतात तरी कसं?

२०२७ च्या जनगणनेचं वारं वाहायला लागलं (घरांची यादी २०२६ मध्ये, माणसांची मोजणी फेब्रुवारी २०२७ मध्ये) आणि आपल्या इंदूरकर ग्रुपांवरचा जुना वाद परत उकरून निघाला. एक जण लिहितो, अरे आता कोण अडाणी राहिलंय, आमच्या बाईंची मुलगी बीए करतेय. लगेच खाली दुसरा, कसलं काय भिया, मूसाखेडीतली निम्मी पोरं आठवीनंतर गॅरेजमध्ये दिसतात. मग तिसरा कुठूनतरी साक्षरतेचा आकडा आणून टाकतो आणि वाद आणखी चिघळतो, कारण तो आकडा या दोघांपैकी कोणाच्याच म्हणण्याबद्दल नसतो.

म्हणून हा लेख. शहरातल्या कमी उत्पन्नाच्या घरांमध्ये शिक्षण किती, हा प्रश्न साधा वाटतो पण त्यात दोन गाठी आहेत, "कमी उत्पन्न" म्हणजे काय आणि "शिक्षण किती" म्हणजे काय. त्या सुटल्या की ग्रुपवरचे ते दोघंही बरोबर होते हे कळतं.

आधी शब्दांची उसनवारी थांबवू

साक्षर म्हणजे काय? जनगणनेच्या हिशोबाने सात वर्षं किंवा त्याहून मोठा माणूस, ज्याला कुठल्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता येतं. शाळेत गेलेला असायला पाहिजे अशी अटच नाही. आणि परीक्षा पण कोणी घेत नाही, प्रगणक दारात येतो, घरातलं जे कोणी असेल ते सांगतं "हो येतं वाचता", तो टिक करतो. म्हणजे हे लर्निंग लायसनसारखं झालं, हातात आहे याचा अर्थ पलासियाच्या सिग्नलवरून संध्याकाळी सहाला गाडी काढता येईल असा होत नाही.

दुसरा शब्द, शाळेतली नोंद. मुलाचं नाव शाळेच्या रजिस्टरमध्ये आहे का, एवढंच. हा आकडा शाळांकडून येतो, यूडाइस नावाच्या सरकारी पोर्टलवर सगळ्या शाळा दरवर्षी भरतात.

तिसरा, आणि आपल्या कामाचा, शिक्षणाची पातळी. म्हणजे माणसाने पूर्ण केलेली सगळ्यात वरची इयत्ता. "पूर्ण केलेली" वर जोर आहे. दहावीत बसला आणि उडाला तर त्याची पातळी नववी, घरचे भले "दहावीपर्यंत शिकलाय" म्हणोत.

आता आकडा. २०११ च्या जनगणनेत इंदूर जिल्ह्याची साक्षरता ८०.८७ टक्के होती, मध्य प्रदेशची ६९.३२. ग्रुपवर जो फिरतो तो हाच. २०२१ ची जनगणना झालीच नाही त्यामुळे आपण अजूनही त्याच जुन्या आकड्यावर भांडतोय, ज्या पोराला तेव्हा सात वर्षंही झाली नव्हती म्हणून मोजलं नाही तो आज मतदार आहे.

बरं, पण गरीब कोणाला म्हणायचं?

इथे लोकांना आश्चर्य वाटतं, पण जनगणनेत तुमचं उत्पन्न कोणी विचारतच नाही. विचारलं तरी खरं कोण सांगणार. म्हणून वस्तू विचारतात, छत कशाचं, पाणी घरात की बाहेर, संडास आहे का, स्वैपाक गॅसवर की चुलीवर, टीव्ही, स्कूटर, इंटरनेट. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण म्हणून जो सर्व्हे होतो तो पण असंच करतो आणि मग त्यावरून देशातल्या लोकांचे पाच सारखे भाग पाडतो, सगळ्यात खालचा भाग म्हणजे सगळ्यात गरीब. आता यातली गोम बघा, हे भाग सगळ्या देशाचे मिळून असतात, त्यात खेडी पण आली. इंदूरमध्ये भाड्याच्या एका खोलीत राहणाऱ्या घरात टीव्ही, गॅस, मोबाईल, सेकंडहँड बाईक सगळं असतं, महिन्याच्या वीस तारखेला पैसे संपलेले असतात ती गोष्ट वेगळी. त्या यादीत हे घर मधल्या भागात जाऊन बसू शकतं.

दुसरी पद्धत म्हणजे कार्ड, बीपीएलचं किंवा रेशनचं. त्यात भाडेकरू आणि हंगामी मजूर सुटतात. तिसरी पद्धत वस्ती. २०११ मध्ये साधारण ६०-७० घरांची किंवा निदान ३०० माणसांची दाट, सोयी नसलेली वस्ती असेल तर ती झोपडपट्टी धरली होती. आणि अशा वस्त्यांमधली साक्षरता देशभर ७७.७ टक्के निघाली, म्हणजे अख्ख्या देशाच्या सरासरीपेक्षा, जी ७३ च्या आसपास होती, जास्त! हे वाचून एका काकांनी मला लिहिलं होतं की मग झोपडपट्टीवाले आपल्यापेक्षा शिकलेले झाले की. नाही काका. देशाच्या सरासरीत खेडी आहेत म्हणून ती खाली येते. शहराची तुलना शहराशी करायची, आणि शहरी भारताची साक्षरता तेव्हा ८४ टक्के होती. तिच्यापुढे वस्ती मागेच आहे, फक्त आपल्याला वाटते तेवढी मागे नाही. दरी आहे ती साक्षरतेच्या पुढच्या पायरीवर, तिकडे येतोच.

एकच घर, चार उत्तरं

समजा पालद्याकडे एक घर आहे. वडील लोडिंग रिक्षा चालवतात, पाचवी पास. आई दोन-तीन घरी काम करते, शाळेत गेलीच नाही. मोठा मुलगा दहावीत नापास. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला. शिवाय आजी, ती पण शाळेत न गेलेली.

या घराचं शिक्षण किती? कुटुंबप्रमुखाचं धरलं तर पाचवी. सगळ्यात शिकलेल्या माणसाचं धरलं तर बीएचं एक वर्ष झालेलं, म्हणजे तेरा वर्षांचं शिक्षण. मोठ्या माणसांची सरासरी काढली तर पाच, शून्य, नऊ, तेरा, शून्य, भागिले पाच, म्हणजे ५.४ वर्षं. चौथं उत्तर नीती आयोगाचं. त्यांचा जो बहुआयामी गरिबी निर्देशांक आहे (म्हणजे फक्त पैसा न बघता आरोग्य, शिक्षण, राहणीमान अशा १२ गोष्टींवरून गरिबी मोजायची) त्यात नियम असा, की दहा वर्षांवरच्या एका तरी माणसाने सहा वर्षं शाळा पूर्ण केली असेल तर ते घर या बाबतीत "वंचित" नाही. म्हणजे एकट्या मुलीच्या जिवावर अख्खं घर पास.

यात लबाडी आहे का? तसं म्हणता येणार नाही. घरात एक वाचणारं माणूस असलं की हॉस्पिटलची चिठ्ठी, बँकेचा मेसेज, समग्र आयडीचं (राज्य सरकारचा घराघराला दिलेला ओळख क्रमांक) काम, सगळ्यांचंच भागतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. पण मध्य प्रदेशात ही गरिबी २०१५-१६ मधल्या ३६.५७ टक्क्यांवरून २०१९-२१ पर्यंत २०.६३ वर आली असं जेव्हा छापून येतं तेव्हा त्यातला शिक्षणाचा उंबरठा सहावीचा आहे हे लक्षात ठेवायचं. सहावीवर आज काय मिळतं, तुम्हीच सांगा.

खरी गोची चौदाव्या वर्षी

आता मुद्द्यावर येऊ. शहरातल्या गरीब घरातलं पोर शाळेत जातं का? जातं. पहिली ते पाचवी बहुतेक सगळीच जातात, वस्तीत निदान एक सरकारी शाळा असते, शिवाय गल्लीबोळात "कॉन्व्हेंट" नावाच्या दोन खोल्यांच्या शाळा आहेतच. मग कुठे गळतात? आठवी ते बारावीच्या मध्ये. आणि तिथेच का, याचं उत्तर माझ्या मते पोरांच्या डोक्यात कमी आणि कायद्यांच्या कडांमध्ये जास्त आहे.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० ला. तो सहा ते चौदा वर्षांपुरता, म्हणजे पहिली ते आठवी. तिथपर्यंत फी नाही, पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत, सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी असा केंद्राचा नियम. सरकारी शाळेतलं दुपारचं जेवण, ते पण आठवीपर्यंत. आणि दुसरीकडे बालमजुरीचा कायदा, २०१६ मध्ये बदलला, तो म्हणतो चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवायचं नाही (घरच्या धंद्यात शाळा सांभाळून मदत केली तर चालते), पण चौदा ते अठरामध्ये फक्त धोक्याची कामं बंद, बाकी चालतील. म्हणजे बघा, ज्या वर्षी फुकट शाळेचा हक्क संपतो, जेवण संपतं, जवळच्या शाळेची हमी संपते, त्याच वर्षी दुकानात नोकरीला लागायची परवानगी मिळते. सगळं एकाच वाढदिवसाला. मुद्दाम कोणी ठरवलं असतं तरी इतकं जुळलं नसतं.

त्यात नववीला गणित, सायन्स एकदम जड होतं. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही असं आधी होतं, २०१९ मध्ये केंद्राने कायद्यात बदल करून राज्यांना सूट दिली, आणि आपल्याकडे मध्य प्रदेशात पाचवी-आठवीची बोर्डासारखी परीक्षा परत आली. ती चांगली की वाईट यावर शिक्षकांमध्येही दोन तट आहेत, मला स्वतःला वाटतं की पाचवीत वाचता येत नसलेलं पोर आठवीत पकडून काय करणार, ते तिसरीतच पकडायला पाहिजे.

"पण गळती तर आठच टक्के आहे म्हणे"

हो, यूडाइसचा २०२४-२५ चा देशाचा आकडा, माध्यमिक म्हणजे नववी ते बारावीच्या टप्प्यावर ८.२ टक्के. ऐकायला छोटा वाटतो. पण तो एका वर्षाचा आहे. नववीतून दहावी, दहावीतून अकरावी, अकरावीतून बारावी, दरवेळी शंभरातली आठ गेली तर नववीला बसलेल्या शंभरपैकी बारावीत पोचणारी साधारण ७७-७८ उरतात. हा नुसता ढोबळ हिशोब आहे, प्रत्येक इयत्तेचं प्रमाण वेगळं असतं. आणि हे गरीब-श्रीमंत सगळे मिळून. स्कीम नंबर ५४ किंवा ७८ सारख्या खात्यापित्या कॉलन्यांमधली पोरं कोणी नववीत शाळा सोडत नाहीत, मग ही जी जातात ती कुठल्या मोहल्ल्यातली, ते सांगायला सर्व्हे नको.

कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला एक आकडा मला साक्षरतेपेक्षा जास्त उपयोगाचा वाटतो, दहा किंवा जास्त वर्षं शाळा केलेल्या बायका किती. २०१९-२१ मध्ये देशात १५ ते ४९ वयाच्या ४१ टक्के, मध्य प्रदेशात २९ च्या आसपास. या सर्व्हेची एक गोष्ट आवडते, नववीपर्यंत न शिकलेल्या बाईला ते नुसतं विचारत नाहीत, हातात वाक्य छापलेलं कार्ड देतात, वाचा म्हणतात.

"सगळं फुकट आहे तरी पाठवत नाहीत"

फी नाही म्हणजे खर्च नाही असं थोडंच आहे. टेंपो किंवा सिटी बस, प्रॅक्टिकलच्या वह्या, आणि आता कोचिंग, कारण भंवरकुआच्या, म्हणजे कोचिंग क्लासच्या, या शहरात शाळेच्या भरवशावर कोणी बोर्ड देत नाही. पण सगळ्यात मोठा खर्च दिसतच नाही, बुडालेली कमाई. पंधरा वर्षांचा मुलगा सियागंजच्या दुकानात लागला तर पहिल्याच महिन्यात पगार आणतो, शाळेत राहिला तर तेवढे पैसे घरात येत नाहीत. ज्या घरात भाडं आणि किराण्यानंतर काही उरत नाही त्यांच्यासाठी हा फार खरा पैसा आहे.

मुलीचा हिशोब जरा वेगळा. आई कामावर गेली की धाकट्या भावंडांना कोण बघणार, आणि हायस्कूल लांब असलं की रस्त्याची काळजी. सरकारने यावर पैसा लावलाय, लाडली लक्ष्मी योजना २००७ पासून आहे, सहावीत गेल्यावर २,०००, नववीत ४,०००, अकरावीत ६,०००, बारावीत ६,०००, आणि अठराच्या आत लग्न केलं नाही, बारावीची परीक्षा दिली तर एकविसाव्या वर्षी १ लाख. कल्पना बरोबर ठिकाणी नेम धरते, नववी आणि अकरावी, जिथे गळती आहे तिथेच. पण वर्षाला एकदा चार हजार आणि दर महिन्याचा पगार यात कुठलं पारडं जड हे घरातले रोजच बघतात.

राज्य सरकारच्या सीएम राइज शाळा, ज्यांना २०२५ पासून सांदीपनी म्हणतात, त्यांचा एक मोठा फायदा याच जागी आहे, केजी ते बारावी एकाच आवारात. आठवीनंतर नवीन शाळा शोधा, टीसी काढा, फॉर्म भरा ही भानगड नाही, आणि खरंच खूप पोरं या भानगडीतच सुटतात, कोणी ठरवून शाळा सोडत नाही, ॲडमिशन घ्यायचं राहून जातं. अडचण एवढीच की अशा शाळा मोजक्या आहेत.

"प्रायव्हेटमध्ये पंचवीस टक्के सीटा आहेत की"

आहेत. त्याच २००९ च्या कायद्यात, कलम १२, खाजगी शाळांनी पहिल्या वर्गात २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना द्यायच्या, पैसे सरकार भरणार. सरकारी अनुदान न घेणाऱ्या अल्पसंख्याक शाळांना सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये यातून सूट दिली. आपल्याकडे ऑनलाइन फॉर्म आणि लॉटरी, आपल्या वॉर्डमधल्या मुलाला आधी. म्हणजे चांगली शाळा ज्या वॉर्डात, तिथे गरीब घरं कमी, आणि गरीब घरं ज्या वॉर्डात तिथे शाळा त्याच दोन खोल्यांच्या. शिवाय समग्र आयडी, आधार, बीपीएल किंवा जातीचा दाखला, नावाचं स्पेलिंग सगळीकडे सारखं, एवढं पाहिजे. जे घर चार वर्षांत तीन खोल्या बदलतं त्याच्याकडे हे सगळं एका पत्त्यावर असणं म्हणजे लॉटरीच्या आधीची लॉटरी.

आणि मग आठवी. फुकट तिथपर्यंतच. नववीपासून पूर्ण फी, नाहीतर मुलाला सरकारी शाळेत आणा. इंग्लिश मीडियममध्ये आठ वर्षं काढलेलं पोर नववीला हिंदी मीडियममध्ये, विचार करा.

"हे सगळे बाहेरून आलेले, इंदूरचे थोडेच"

शहराची सरासरी रोज हलत असते कारण शहरात रोज माणसं येतात. बायपासवरच्या बिल्डिंगा बांधणारे मजूर बरेचसे झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानीकडचे. अलीराजपूरची २०११ ची साक्षरता ३६ टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा देशातल्या सगळ्या जिल्ह्यांत सगळ्यात खाली. इंदूर ८१ आणि सुमारे दोनशे किलोमीटरवर ३६. तिथून एक कुटुंब आलं की इंदूरची सरासरी कणभर खाली येते, यात इंदूरच्या शाळा बिघडल्या असं काही नसतं. उलट त्या घरातलं पोर इथे आठवी झालं तर ती घराच्या हिशोबाने प्रचंड उडी आहे. पण होळीला, पेरणीला, लग्नसराईला घर गावी जातं आणि तिकडून आल्यावर नाव रजिस्टरमध्ये असतं, पोर वर्गात नसतं.

आणि "आपले मराठी सगळे शिकलेले" हा एक गोड गैरसमज आहे आपला. रामबाग, लोकमान्य नगर डोळ्यापुढे ठेवून आपण बोलतो. परदेशीपुऱ्याच्या, मालवा मिलच्या आसपासची मराठी घरं त्या चित्रात नसतात, ज्यांची पोरं घरी मराठी बोलतात, शिकतात हिंदीत आणि गणेशोत्सवाचं पत्रक अक्षरं जुळवत वाचतात.

"शिकून तरी काय मिळतंय?"

हा आक्षेप मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. एके काळी हुकुमचंद, मालवा, स्वदेशी, राजकुमार, कल्याण अशा इंदूरच्या कापड मिलांमध्ये फारसं न शिकलेल्या माणसालाही पर्मनंट नोकरी होती, पीएफ होता, त्या पगारावर त्याने पोरांना कॉलेजात घातलं. मग मिला बंद पडल्या. हुकुमचंदच्या कामगारांचे थकलेले पैसे, २२४ कोटी, सुटायला डिसेंबर २०२३ उजाडलं, तीस वर्षांवर गेली. मिल होती तेव्हा कमी शिक्षणाचा दंड कमी होता, आज पाचवी पास माणसाला महिन्याच्या महिन्याला ठरलेला पगार देणारी जागा शोधून दाखवा.

पण दहावी झाली की ठरावीक दारं उघडतात हे पण खरं. आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमनसारखे काही ट्रेड आठवीवर मिळतात पण इलेक्ट्रिशियन, फिटरला दहावी लागते. दहावी नसेल तर पासपोर्टवर साधारणपणे ईसीआर शिक्का बसतो, म्हणजे आखातासारख्या ठरावीक देशांत नोकरीला जायचं तर आधी सरकारी मंजुरी. दहावीची मार्कशीट जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मभर चालते. उलट गाडी चालवायला आता शिक्षण लागत नाही, व्यावसायिक लायसनची आठवी पासची अट २०१९ मध्ये काढली, त्यामुळे आठवी सोडलेल्या मुलाला ड्रायव्हिंग हा सरळ रस्ता झाला. मला ती अट काढली ते बरोबरच वाटतं, पण आठवी पूर्ण करायचं एक कारण त्याने कमी झालं हेही आहे.

ग्रॅज्युएट डिलिव्हरी करतायत ते खरंच आहे, मात्र ते बीएवाल्याचं दुखणं. दहावी नापास मुलाचं दुखणं त्याच्या दोन पायऱ्या खाली आहे, दोन्ही एकत्र करून "शिक्षणात काही राम नाही" म्हणणं सोपं पडतं, विशेषतः ज्यांची स्वतःची पोरं पुण्याला इंजिनिअरिंग करतायत त्यांना.

मोजणीवाला दारात आला तर, आणि दहावी अडकली असेल तर

जनगणनेत शिक्षण विचारलं की चालू इयत्ता सांगायची नाही, पूर्ण झालेली सांगायची, शिकत असेल तर ते वेगळं विचारतात. आऊटहाऊसमध्ये, गच्चीवरच्या खोलीत, शेजारच्या बांधकामावर कोणी राहत असेल तर त्यांची नोंद झाली का एवढं विचारा, हीच माणसं आकड्यातून निसटतात.

आणि घरात काम करणाऱ्या कोणाचा मुलगा दहावीत अडकला असेल तर एनआयओएस म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचं सांगा. चौदा वर्षं पूर्ण झाली की दहावीला नाव घालता येतं, नोंदणी पाच वर्षं चालते, तेवढ्यात नऊ संधी मिळतात, सगळे विषय एकदम द्यायची सक्ती नाही, आणि आधीच्या बोर्डात पास झालेल्या जास्तीत जास्त दोन विषयांचे मार्क इकडे आणता येतात. राज्याचं मुक्त बोर्ड भोपाळला आहे, २०१६ पासूनची "रुक जाना नहीं" योजना त्यांनीच चालवली. फॉर्म ऑनलाइन असतो, फोटो आणि जुनी मार्कशीट स्कॅन करून द्यावी लागते, आणि नेमकं तेवढ्यासाठी कोणीतरी अर्धा तास बसायला लागतं.